श्रवणदोष आणि स्वमग्नता एकत्र असलेल्या लहान मुलाशी संवाद : पालकांसाठी पहिल्या पायऱ्या

माझा मुलगा दीड वर्षाचा असताना त्याला श्रवणयंत्रे बसली आणि स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले ते तो पाच वर्षांचा झाल्यावर. मधल्या काळात तो हाकेला ओ देत नाही, चेहऱ्याकडे पाहत नाही, बोटाने काही दाखवत नाही, हे आम्ही ज्यांना ज्यांना सांगितले त्या प्रत्येकाचे उत्तर ठरलेले होते : ऐकू कमी येते ना, मग असे होणारच. त्या उत्तराने आम्हाला धीर मिळत होता, म्हणून आम्हीही ते घट्ट धरून ठेवले. त्या साडेतीन वर्षांत त्याच्या हाती कोणतीच भाषा नीट आली नाही, याचे दुःख मला आजही आहे, आणि ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून पुढचे सारे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकीच्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. मुलाचे कोणते वागणे कशामुळे आहे याचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. कानांतून जेवढे पोहोचते तेवढे कानांतून, आणि त्याच दिवसापासून डोळ्यांतून, हातांतून, चित्रांतूनही भाषा त्याच्यापर्यंत जाऊ द्या. भाषेविना गेलेली पहिली वर्षे भरून काढणे फार अवघड जाते.

१. एका निदानाआड दुसरे लपू देऊ नका

ज्याला केवळ कमी ऐकू येते असे मूल डोळ्यांनी सहसा फार बोलके असते. ते तुमची बाही ओढते, हवी ती वस्तू दाखवते, तुम्ही पाहिलेत की नाही याची खात्री करायला वळून तुमच्या चेहऱ्याकडे बघते आणि ओळखीच्या माणसाच्या हावभावांवरून पुढे काय होणार याचा अंदाज बांधते. त्यामुळे मूल हाकेला प्रतिसाद देत नाही, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. मात्र खांद्यावर हलकेच थाप दिल्यावरही ते वळत नसेल, एखादी गंमत केवळ दाखवण्यासाठी म्हणून कधीच दाखवत नसेल, तुमचा हात एखाद्या अवजारासारखा धरून वस्तूपर्यंत नेत असेल, यंत्रे लावून आणि खुणा शिकवून कित्येक महिने झाले तरी हावभावांची देवघेव सुरू होत नसेल, किंवा आलेले शब्द आणि खुणा गळून पडत असतील, तर स्वमग्नतेची तपासणी मागून घ्या. ती कुणी आपण होऊन सुचवील याची वाट पाहू नका.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. स्वमग्नतेचे निदान आधी झाले की प्रतिसाद न देणे हा त्या निदानाचाच भाग मानला जातो आणि कानांची पूर्ण तपासणी राहून जाते. स्वमग्न मुलाचे कान पुन्हा तपासायला सांगणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

तपासणीच्या वेळी एक सापळा लक्षात ठेवा. स्वमग्नतेच्या बहुतेक चाचण्या ऐकू येणारी मुले समोर ठेवून बनवल्या आहेत. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या एम-चॅट या प्रश्नावलीत तर ‘तुमचे मूल बहिरे असावे अशी शंका तुम्हाला कधी आली आहे का’ असाच एक प्रश्न आहे. ज्याला खरोखरच कमी ऐकू येते त्याच्या बाबतीत या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे तपासणाऱ्याला कळायला हवे. म्हणून श्रवणदोष असलेल्या मुलांचा अनुभव असलेले तज्ज्ञ शोधा, तपासणीच्या दिवशी यंत्रे चालू असल्याची खात्री करून घ्या, आणि मूल खुणा वापरत असेल तर त्या खुणा समजणारी व्यक्ती खोलीत असेल असे पाहा. जाताना घरी घेतलेले दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ सोबत न्या : एक खेळतानाचा, एक काही मागतानाचा आणि एक तुम्ही लक्ष वेधायचा प्रयत्न करत असतानाचा. अनोळखी खोलीत तासभरात जे दिसत नाही ते या व्हिडिओंत दिसते.

२. किती ऐकू येते, हे अंदाजाने ठरवू नका

नवजात बाळांसाठीचा सर्वत्र सांगितला जाणारा हिशेब १-३-६ असा आहे : पहिल्या महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत मदतीला सुरुवात. तुमची वेळ टळून गेली असेल तर त्यावर झुरत बसू नका, आहात तिथून सुरुवात करा. जन्मानंतरची चाचणी ‘पास’ झाली असली तरी श्रवणदोष पुढेही निर्माण होऊ शकतो, हेही ध्यानात असू द्या.

ओएई आणि बेरा या दोन चाचण्यांना मुलाच्या सहकार्याची गरज नसते. पहिलीत आतल्या कानातील केसपेशींचा प्रतिसाद मोजतात, दुसरीत आवाजाचा संदेश श्रवणचेतेतून मेंदूच्या खोडापर्यंत कसा जातो ते पाहतात. एकटी ओएई पुरेशी नसते, कारण ऑडिटरी न्यूरोपॅथी या प्रकारात केसपेशी उत्तम काम करतात पण पुढे जाणारा संदेशच विस्कळीत होतो. अशा मुलाची ओएई चांगली येते आणि पालक निर्धास्त होतात. त्यामुळे दोन्ही चाचण्या आणि शिवाय मधल्या कानात पाणी साठले आहे का हे सांगणारी टिंपॅनोमेट्री, असे तिन्ही निकाल हातात असावेत. बेरा मुलाच्या झोपेत होते. स्वाभाविक झोप लागत नसेल तर झोपेचे औषध देऊन करण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

खरा कस लागतो तो मुलाच्या प्रतिसादावर चालणाऱ्या चाचण्यांत. लहान मुलांच्या चाचणीत आवाजाकडे वळल्यावर एखादे खेळणे उजळते, थोड्या मोठ्या मुलाला आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा असतो. स्वमग्न मुलाला त्या खेळण्याची भीती वाटू शकते, किंवा ते इतके आवडू शकते की आवाज आला न आला तरी नजर तिथून हलत नाही. आम्ही ठोकळ्याचा खेळ आधी घरी शिकवला, तोही आवाजाविना : दिवा लागला की ठोकळा टाकायचा. तो नियम पक्का झाल्यावर दिव्याच्या जागी ढोलाचा ठोका आला. हेडफोन डोक्यावर ठेवायचा सराव रोज काही सेकंदांनी वाढवला, तपासणीच्या खोलीची छायाचित्रे मागवून आठवडाभर पाहिली. चौथ्या भेटीत दोन्ही कानांचा वेगवेगळा ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती हळू असला तरी ऐकू येतो हे दाखवणारा आलेख, मिळाला. एका भेटीत सगळे उरकण्याचा हट्ट धरू नका, प्रत्येक भेटीत एक-दोन बिंदू मिळाले तरी हळूहळू चित्र पूर्ण होते.

दार आपटले की दचकतो, म्हणजे ऐकू येते, हा निष्कर्ष काढू नका. मोठा, खालच्या पट्टीचा आवाज किंवा जमिनीची थरथर जाणवणे वेगळे आणि बोलण्यातला ‘स’ ऐकू येणे वेगळे.

डोळ्यांचीही तपासणी करून घ्या. अशर सिंड्रोमसारख्या काही कारणांमुळे श्रवणदोषासोबत दृष्टीही पुढे कमी होत जाते, आणि ज्याची अर्धी भाषा डोळ्यांवर अवलंबून आहे त्याच्यासाठी ही माहिती फार मोलाची आहे.

३. यंत्र कानात टिकवणे

या पायरीला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला. स्वमग्न मुलाला कानातला साचा, म्हणजे यंत्राचा कानाच्या मापाने बनवलेला भाग, टोचू शकतो, इतके दिवस शांत असलेले जग एकदम गोंगाटाने भरले की ते घाबरू शकते, आणि यंत्र काढून फेकणे हा ते सांगण्याचा त्याच्याजवळचा एकमेव मार्ग असतो. म्हणून ‘हट्टी आहे’ असे म्हणण्याआधी कारण शोधा. कानात लाली, जखम किंवा मळ आहे का? मूल वाढल्यामुळे साचा लहान झाला आहे का? साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारते, आणि लहान बाळांचे साचे तर काही आठवड्यांतच बदलावे लागतात. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या कमाल आवाजाची मर्यादा फार वर तर ठेवलेली नाही ना? भांडी पडल्यावर मूल कानावर हात ठेवत असेल तर हे ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, मुद्दाम सांगा, कारण श्रवणदोष असलेल्या कानालाही मोठे आवाज असह्य होऊ शकतात.

कारण दूर झाल्यावर सवय लावायची ती अशी. काही दिवस फक्त कानाला हात लावा आणि लगेच मुलाचा आवडता खेळ सुरू करा. मग यंत्राविना नुसता साचा बसवा. मग यंत्र, पण शांत खोलीत आणि मुलाच्या सर्वांत आवडत्या कामाच्या वेळी. सुरुवात मिनिटभराची असली तरी चालेल, फक्त मुलाने ओढून काढण्याआधी तुम्ही काढा. सकाळच्या चित्रक्रमात कपड्यांनंतर यंत्राचे चित्र ठेवा. आणि पहिल्या दिवसापासून ‘काढ’ ही खूण शिकवा. मुलाने ती केली की यंत्र खरोखर काढा. पालकांना ही सूचना उलटी वाटते, मलाही वाटली होती. पण काढायला सांगता येते हे कळल्यावर माझ्या मुलाने यंत्र फेकणे थांबवले, आणि पुन्हा लावून घ्यायला तो तयार होऊ लागला. हातपाय धरून यंत्र बसवण्याची चूक आम्ही आधी केली होती, आणि त्यानंतर दोन महिने तो कानाजवळ हात येऊ देत नव्हता.

यंत्र दिवसातून किती तास चालू होते याची नोंद आजकालच्या बहुतेक यंत्रांत आपोआप होते. प्रत्येक भेटीत ती विचारा. आपल्याला वाटते त्यापेक्षा आकडा बहुधा कमी निघतो, पण तो कुणाला दोष देण्यासाठी नसतो.

रोज सकाळी यंत्र स्वतः ऐकून तपासा आणि सहा ध्वनींची चाचणी घ्या : म, ऊ, आ, ई, श, स. या सहांत बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे आवाज येतात. आपले मूल उच्चार करणार नाही, पण ध्वनी ऐकल्यावर त्याचे डोळे थबकणे किंवा ठोकळा टाकणे हेही उत्तरच आहे. यंत्राचे बटण सेल मुलाच्या हाती लागू देऊ नका. सेलच्या कप्प्याला कुलूप असलेलेच यंत्र मागा, आणि सेल गिळल्याची किंवा नाकात घातल्याची नुसती शंका आली तरी तडक रुग्णालय गाठा.

कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा, विचार चालू असेल तर अपेक्षांविषयी आधी मोकळे बोला. स्वमग्नता असलेल्या मुलांत इम्प्लांटनंतर बोलणे कितपत येईल यात फार मोठा फरक पडतो. काही मुले वाक्ये बोलतात, काहींना आवाजाची जाणीव आणि ओळखीच्या माणसाच्या आवाजाचा आनंद मिळतो, आणि संवादासाठी खुणा किंवा चित्रेच लागतात. हा दुसरा परिणाम म्हणजे अपयश, असे मी मानत नाही. शस्त्रक्रियेआधी न्यूमोकॉकलची लस आणि पुढे एमआरआय करताना घ्यायची काळजी याविषयी लेखी सूचना मागून घ्या.

४. बोलणे की खुणा, हा वाद घरात येऊ देऊ नका

‘खुणा शिकवल्या तर बोलणार नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकालच. खुणा, चित्रे किंवा बोलणारा टॅब्लेट वापरल्याने बोलणे मागे पडते असे संशोधनात दिसत नाही, उलट काही मुलांचे बोलणे थोडे वाढलेलेच दिसते. ज्या मुलाला आवाज अर्धवट पोहोचतो आणि चेहरा वाचणेही जड जाते, त्याला एकाच वाटेवर उभे करणे धोक्याचे आहे.

सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. ती घरात शिकण्याची संधी असेल तर ती घ्या, आणि शक्य झाल्यास ती मातृभाषेसारखी वापरणाऱ्या बधिर व्यक्तीकडूनच शिका. ज्यांना हाताच्या हालचाली अवघड जातात किंवा जे समोरच्याच्या हातांकडे फारसे पाहत नाहीत, त्यांना चित्र धीराने साथ देते, कारण खूण क्षणात विरते आणि चित्र समोर राहते. चित्रकार्ड देऊन वस्तू मागण्याची पेक्स ही पद्धत १९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी सुरू केली. ती सुरुवातीला फार उपयोगी पडते, कारण तीत मुलाला पहिल्या दिवसापासून दुसऱ्या माणसाच्या हातात चित्र द्यावे लागते. पण तिथेच थांबलात तर मुलाची सारी भाषा मागण्यापुरती उरते. ‘नको’, ‘दुखते’, ‘संपले’, ‘बघ’, ‘भीती वाटते’ ही चित्रे आणि खुणाही त्याच्या हाताशी असल्या पाहिजेत.

ती वापरून दाखवायची कुणी? तुम्ही. बोलताना रोज त्याच चित्रांवर बोट ठेवा, त्याच खुणा करा, आणि मुलाने लगेच उत्तर द्यावे अशी मागणी करू नका.

५. डोळ्यांत डोळे घालण्याची सक्ती न करता बोलणे

श्रवणदोषाच्या प्रत्येक सल्ल्यात ‘माझ्याकडे बघ’ येते, आणि स्वमग्न मुलाला नेमके तेच सर्वांत जड जाते. यातून मार्ग असा की मुलाची नजर ओढून आणण्याऐवजी भाषा त्याच्या नजरेत नेऊन ठेवायची. ते गाडीकडे पाहत असेल तर गाडीची खूण गाडीशेजारी करा. ते जमिनीवर बसले असेल तर तुम्हीही जमिनीवर बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या, पाठीमागे खिडकी नको. बोलताना हातभर अंतरावर असा, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने खाली येतो आणि यंत्राला मग खोलीतला गोंगाटच जास्त मिळतो. टीव्ही बंद.

त्यानंतर थांबा. मनात दहा अंक मोजा.

साबणाच्या फुग्यांची बाटली हे माझे पहिले साधन होते. झाकण घट्ट लावून मी ती माझ्या मुलाच्या हातात देत असे. तो झाकणाशी झटत असे आणि मग माझे मनगट पकडून झाकणावर ठेवत असे. मी बाटलीशेजारी तळवे त्याच्याकडे करून ‘उघड’ची खूण करी, दहापर्यंत थांबे आणि झाकण उघडी. कित्येक आठवडे एवढेच चालले. एके दिवशी त्याने मनगट धरले नाही. बाटली मांडीत ठेवून त्याने दोन्ही हात वर केले आणि एकमेकांपासून दूर नेले, पण तळवे स्वतःकडे केलेले. मी क्षणाचाही विलंब न लावता फुगे उडवले.

आमच्या तेव्हाच्या एका थेरपिस्टने ती खूण ‘चुकीची’ म्हणून वहीत मांडली. पुढे मला कळले की सांकेतिक भाषा लहानपणापासून पाहणाऱ्या स्वमग्न बधिर मुलांतही तळव्याची अशी उलट दिशा संशोधकांनी नोंदवली आहे : समोरच्याचा तळवा जसा दिसतो तसाच मूल तो करते. तसेच ‘मी’ आणि ‘तू’साठी बोट दाखवण्याऐवजी ती नावे वापरतात, आणि ऐकणारी स्वमग्न मुले शब्द परत म्हणतात तशी ही मुले समोरच्याची खूण जशीच्या तशी परत करतात. या सगळ्याला भाषा म्हणूनच उत्तर द्या. दिशा सुधारायची असेल तर मुलाच्या शेजारी, त्याच्याच बाजूला तोंड करून बसा किंवा दोघे मिळून आरशासमोर बसा, म्हणजे तुमचा हात त्याला स्वतःच्या हातासारखा दिसेल.

६. जे त्याच्या कानावर पडत नाही ते दाखवून ठेवा

ऐकणाऱ्या मुलाला किल्ल्यांचा आवाज, फोनवरचे बोलणे, पाण्याचा नळ यांवरून पुढे काय होणार ते कळत जाते. आपल्या मुलाला यातले काहीच मिळत नाही, आणि स्वमग्नतेमुळे अचानक झालेला बदल तर सोसतच नाही. खेळत असलेल्या मुलाला कुणीतरी मागून उचलते आणि ते एकदम गाडीत असते. त्यानंतरचा आकांत हा वागण्याचा दोष मानू नका.

दिवसाची चित्रे ओळीने भिंतीवर लावा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. झालेले चित्र त्यानेच काढून डब्यात टाकावे. छोट्या बदलांसाठी ‘आधी’ आणि ‘मग’ अशी दोनच चित्रांची पाटी पुरते. रेखाचित्रे कळत नसतील तर छायाचित्रे, तीही कळत नसतील तर प्रत्यक्ष वस्तू दाखवा : आंघोळीआधी टॉवेल हातात द्यायचा. उचलण्याआधी समोर या.

७. फाईल आणि एक पान

ऑडिओलॉजिस्ट कानांपुरते बोलतात, स्वमग्नतेचे तज्ज्ञ वागण्यापुरते, आणि मधला सांधा पालकांनाच जोडावा लागतो. तीन ठिकाणी ‘अजून’साठी तीन वेगळ्या खुणा शिकवल्या जात असल्याचे आम्हाला फार उशिरा कळले. म्हणून खुणांची आणि चित्रांची एकच यादी करा आणि सर्वांना तीच द्या. फाईलमध्ये हे असू द्या :

– ओएई, बेरा, टिंपॅनोमेट्रीचे अहवाल आणि सर्व ऑडिओग्राम, तारखेच्या क्रमाने
– यंत्राचे किंवा इम्प्लांटचे मॉडेल, सध्याचे सेटिंग आणि वापराच्या तासांची नोंद
– डोळ्यांच्या तपासणीचा अहवाल
– स्वमग्नतेच्या तपासणीचा अहवाल, त्या वेळी यंत्रे चालू होती का या नोंदीसह
– घरच्या व्हिडिओंची तारीखवार यादी
– मुलाला समजणाऱ्या आणि ते स्वतः वापरत असलेल्या खुणा-चित्रांची यादी, दोन वेगळ्या रकान्यांत

यातून मुलाच्या भाषेत, म्हणजे ‘मी’ म्हणून, एक पान लिहा आणि शाळेत, पाळणाघरात, नव्या डॉक्टरांकडे जाताना सगळ्यात वर ठेवा. आमच्या पानावर आज असे आहे : ‘मला मागून हात लावू नका, समोर या. माझे यंत्र मी काढले तर आधी आवाज कमी करा, मग मला विचारा. मी तुमच्याकडे पाहत नसलो तरी तुमचे हात पाहतो आहे. मी तळवे स्वतःकडे करून हात उघडले तर त्याचा अर्थ ‘उघड’ असा आहे.’ हे पान दर तीन महिन्यांनी नवे लिहावे लागते, आणि जुने पान तारीख घालून फाईलच्या तळाशी जाते.